देव शेवटच्या रांगेत

१

"देव संडासाजवळ बसवलाव! देव!"

बेंबळीच्या आण्णासाहेबांचा आवाज मूळचाच खणखणीत. ग्रामसभेत त्यांना माईक लागत नाही. पण त्या दिवशी हैदराबादहून काशीला निघालेल्या विमानात तो आवाज फुटला, तेव्हा पुढची तान्ही पोरं रडायला लागली आणि डुलक्या घेणारे खडबडून जागे झाले.

कारणही तसंच होतं म्हणा. घराण्याचा देव सोनारीचा काळभैरव. देवघरातला त्याचा चांदीचा टाक काशीच्या काळभैरवाला भेटवून आणायचा, असा नवस आण्णासाहेबांच्या वडिलांनी बोललेला. ते गेले, नवस राहिला. शेवटी आण्णासाहेबांनीच मनावर घेतलं. लाल फडक्यात गुंडाळलेला टाक म्हातारी आई धुरपदाबाई मांडीवर घेणार. सोबत मुलगा उत्कर्ष, सून हर्षाली आणि चुलतभाऊ शंभू. निघायच्या आधी सगळ्यांना उभं करून ताकीद दिली, "देवाचं काम हाय. सोवळ्यात कमी-जास्त झालेलं मला खपायचं न्हाय. कुणाची काय अडचण निघाली तर तिनं तिथनंच माघारी फिरायचं." त्या घरात आण्णासाहेबांची ताकीद ऐकायची असते, तिच्यावर बोलायचं नसतं.

उत्कर्षनं जागा आधीच निवडून ठेवल्या होत्या. सातवी रांग: खिडकीशी आजी, मध्ये हर्षाली, कडेला तो स्वतः. आण्णासाहेब आणि शंभू त्यांच्या पुढच्या रांगेत. आजीला विमानतळावर चाकाची खुर्ची मिळाली, म्हणून ती आणि हर्षाली आधीच आत गेल्या. पुरुषमंडळी मागं अडकली, कारण तपासणीवाल्यानं आण्णासाहेबांच्या पिशवीतला अडकित्ता काढून घेतला. आता बापजाद्यांचा अडकित्ता असा सुखासुखी सोडतील तर ते आण्णासाहेब कसले!

तो वाद हरून धुसफुसतच ते विमानात शिरले. बघतात तर सातव्या रांगेत खिडकीशी भलताच माणूस. सूटवाला, चष्मेवाला. आणि आई? आई पार शेवटच्या रांगेत, संडासाच्या दाराला लागून, मांडीवर देव घेऊन बसलेली. तिच्यापाशी वाकून उभी होती विमानातली एक पोरगी. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं शिवरंजनी.

झालं! आण्णासाहेबांनी तोंड सोडलं.

"सुटाबुटातला दिसला की त्याला खिडकी, आन् नऊवारीतली म्हातारी दिसली की तिला मोरी? हेच शिकलीस व्हय लिपस्टिक लावून? तुझ्या आईबापानं हेच वळण लावलं का?"

पोरगी "सर, शांत व्हा" एवढंच म्हणत राहिली. विमान अडलं. मोठे साहेब आले, आजीला पुढं न्यायला तयार झाले, तर आजीच हलेना. "मी हितंच बरी हाय," एवढंच तिचं पालुपद. आण्णासाहेबांना वाटलं, भेदरली म्हातारी. शंभूनं सगळा तमाशा मोबाईलवर घेतला आणि काशीत उतरल्या उतरल्या जगाला वाटून टाकला.

त्यानंतर आण्णासाहेब पंचक्रोशीत गाजले. बसस्टँडवर सत्कार झाला, फेटा बांधला, बॅनरवर कुणीतरी 'मराठवाड्याचा वाघ' छापलं. आणि ती शिवरंजनी आपल्याच जिल्ह्यातली, उमरग्याची निघाली. कंपनीनं तिला घरी बसवलं. सोमवारी तिची चौकशी होती. आण्णासाहेबांचा जबाब तिथं पोचला की तिची नोकरी गेलीच म्हणून समजा.

२

जबाब पक्का लिहून घ्यायला आण्णासाहेबांनी धाराशिवहून वकीलबाई बोलावल्या. प्रमोदिनीताई मूळच्या तुळजापूरच्या, मास्तरांच्या घरातल्या. बाई हुशार, पण खोड एकच. दुसऱ्याला जे सरळ दिसतं ते तिला कधीच सरळ दिसायचं नाही.

शुक्रवारी सकाळी त्या आल्या, तेव्हा हर्षाली बाहेर ओट्यावर पोत्यावर बसून गोधडीला टाके घालत होती. तिनं बसल्या जागेवरूनच मान हलवली. आत आल्यावर चहा घेऊन कोण आलं, तर ऐंशीच्या धुरपदाबाई. कपबशा थरथर वाजत होत्या.

"आजी, तुम्ही कशाला त्रास घेतला?"

"असू दे बाई. हात हालते ठेवले की बरं असतंय."

प्रमोदिनीताईंनी एकदा आजीकडं बघितलं, एकदा दारातून ओट्याकडं बघितलं, आणि चहा प्यायल्या. आण्णासाहेबांना त्यात बघण्यासारखं काहीच दिसलं नाही. त्यांच्या घरात दर महिन्याला असंच असायचं.

"आजींना मागं कुणी बसवलं?" ताईंनी वही उघडली.

"हे काय विचारणं झालं? त्या पोरीनं."

"तुम्ही बसवताना बघितलं?"

"बघायला कशाला पायजे? मी गेलो तवा तीच तिथं उभी व्हती की!"

"विहिरीत पडलेल्या माणसाशेजारी कुणी दोर घेऊन उभा असला, तर त्यानंच ढकललं म्हणायचं का, आण्णासाहेब?"

आण्णासाहेबांनी रागानं कपबशी बाजूला सारली.

"माझी अट ऐका," ताई म्हणाल्या. "न बघितलेल्या गोष्टीचा जबाब मी लिहीत नाही. सोमवारपर्यंत मी चार लोकांना विचारणार. तुम्ही सोबत बसायचं, आणि तोंड अजिबात उघडायचं नाही."

"विचारा की! दूध का दूध, पानी का पानी होऊन जाऊ दे." आण्णासाहेबांना कसली भीती? खऱ्याला मरण नसतं, आणि खरं तर त्यांच्या बाजूनं होतं.

पहिला नंबर आजीचा. "मला काय कळतंय बाई? बसवलं तिथं बसले," म्हणत ती ट्रे उचलून आत गेली. जाताना लेकाच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

मग उत्कर्ष. त्यानं फोनवर तिकिटं दाखवली. रांग सातवी, जागा बरोबर. "माझ्याकडनं काय चूक न्हाय झाली ताई. आजीचा आन् हर्षालीचा पास हर्षालीकडं व्हता. आमी आत जाईस्तवर ह्या दोघीच व्हत्या तिथं."

"हर्षालीला विचारलंस?"

"ती काय सांगणार? त्या दिवसापासनं लई गप असती."

ताई उठून ओट्यावर गेल्या. मागोमाग आण्णासाहेब. सासरे दिसताच हर्षालीनं पदर ओढून घेतला आणि पोत्यावर आणखी आकसून बसली.

"हर्षाली, आजींना तुझ्या शेजारून उठवून मागं कुणी नेलं?"

सुई बोटात घुसली. पोरीनं बोट तोंडात धरलं. "मला न्हाय म्हाईत. माझं ध्यान नव्हतं."

शेजारची म्हातारी देवासकट उठून गेली, आणि हिचं ध्यान नव्हतं! आता मात्र आण्णासाहेबही चमकले. अंगणात आल्यावर ताई हळू आवाजात म्हणाल्या,

"तुमच्या घरात कुणीतरी खोटं बोलतंय, आण्णासाहेब. एक नाही, दोघं."

३

आण्णासाहेबांच्या डोक्यात एकदम शंभूचं नाव आलं. चुलतभाऊ झाला म्हणून काय झालं, भाऊबंदकीच ती! शंभूला जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं, आणि त्या व्हिडिओखाली त्यानं स्वतःचं नाव ठळक टाकलं होतं. त्यानंच तर काही कळ काढली नसेल?

"शंभू विमानात शिरला कधी?" ताईंनी विचारलं.

"माझ्याच मागं."

"मग त्यानं हलवलं नाही. पण बोलवा त्याला. मला त्याचा फोन बघायचाय."

शंभू आला, हसत हसत. ताईंनी व्हिडिओ मागितल्यावर हसू थोडं कमी झालं. "टाकलाय की सगळीकडं."

"टाकलेला नको. काढलेला दाखव. सगळा."

आता गावभर फिरत असलेल्या व्हिडिओत काय होतं? पोरगी म्हातारीचा हात धरून ओढतेय असं वाटावं, आणि आण्णासाहेब वाघासारखे गरजतायत. अख्ख्या व्हिडिओत दुसरंच निघालं. पोरीनं आजीचा हात धरलेलाच नव्हता. आजीचाच सुरकुतलेला हात पोरीच्या मनगटावर होता, घट्ट, बोटं रुतेपर्यंत. आणि आजी बोलत होती. "आण्णा, गप रे. तिला काय बी बोलू नगं. तिचा काय दोष न्हाय." त्या बोलण्यावर आण्णासाहेबांचा आवाज असा काही चढला होता, की पाऊलभर अंतरावरच्या आईचं त्यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं.

स्वतःचं तोंड त्यांनी असं कधी बघितलं नव्हतं. लालबुंद, थुंकी उडतेय, बोट त्या पोरीच्या नाकासमोर नाचतंय. पोरीचे डोळे भरलेले होते, आणि तरी ती आजीच्या हातावर हलकेच थोपटत होती. फोन शंभूकडं देताना आण्णासाहेबांनी नजर दुसरीकडं वळवली.

"आईचं बोलणं का कापलंस रे?"

"आण्णा, ते ठेवलं असतं तर मजाच गेली असती की सगळी," शंभू पुटपुटला.

"भेदरली व्हती माय," आण्णासाहेब घशातल्या घशात म्हणाले. "म्हणून तिचं मनगट धरलं."

"भेदरलेलं माणूस मदतीला हाक मारतं," ताई म्हणाल्या. "आणि ज्यानं छळलं त्याची बाजू तर अजिबात घेत नाही. चला, उद्या धाराशिवला या. सूटवाल्याला गाठू."

४

सूटवाल्याचं नाव राजशेखर, कलबुर्गीच्या कॉलेजातले प्राध्यापक. बिचाऱ्याला महिनाभर लोकांनी 'म्हातारीची जागा बळकावणारा' म्हणून शिव्या घातल्या होत्या. शनिवारी ताईंनी धाराशिवच्या कचेरीतून फोन लावला, तसे ते भडाभडा बोलले.

"मॅडम, मी शेवटच्या लाइनमध्ये होतो. एकटा. आरामात. ती मुलगी आली, म्हणाली, सर प्लीज सातव्या लाइनला विंडोजवळ बसता का? मी मागितलं नव्हतं. मी कारण विचारलं, तर हात जोडले तिनं. मी उठलो. एवढीच माझी चूक."

फोन बंद होताच आण्णासाहेब खुर्चीतून उसळले. "बघा! म्हणलं नव्हतं? तिनंच केलंय सगळं!"

"बसा. अजून एक फोन राहिलाय."

शिवरंजनीला लावलेला फोन ताईंनी सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला, आणि आधीच सांगून टाकलं, "आण्णासाहेब माझ्यासमोर बसलेत. ते ऐकतायत."

पलीकडं पोरीनं ते ऐकून घेतलं. मग, "नमस्कार आण्णा."

ज्या माणसानं चारचौघांत आईबाप काढले, त्याला ही आण्णा म्हणते. आण्णासाहेबांना तो नमस्कार खड्यासारखा टोचला. तोंड उघडायचं नाही ही अट होती म्हणून बरं, नाहीतर काय उत्तर दिलं असतं?

"आजींना मागं कुणी नेलं, शिवरंजनी?"

"मीच."

"राजशेखर सरांना पुढं कुणी पाठवलं?"

"मीच पाठवलं, ताई."

"का?"

"ते मी सांगणार न्हाय."

"सोमवारी हेच सांगितलंस तर नोकरी जाईल."

"व्हय. ठाऊक हाय मला."

"कबूल झाली!" आण्णासाहेबांनी अट मोडून टेबलावर थाप मारली. "लिवा वकीलबाई! आता तर तिच्याच तोंडानं कबूल झाली!"

ताईंनी त्यांच्याकडं लक्षच दिलं नाही. फोनजवळ वाकून विचारलं, "एकच शेवटचं. विमानात आल्या आल्या आजींनी तुला विचारलं होतं का, कुठली गं तू बाळ?"



"आजी बऱ्या हायत ना?" पोरगी म्हणाली. आणि फोन कट झाला.

ताई खुर्चीत मागं रेलल्या. "यात्रेचे फोटो आहेत का तुमच्याकडं?"

फोटोंना काय तोटा! ताई एकेक सरकवत गेल्या. हैदराबादच्या विमानतळावर, निघाल्यानिघाल्या, देवाची पिशवी हर्षालीच्या खांद्यावर. काशीच्या घाटावर आण्णासाहेब, आजी, उत्कर्ष, शंभू. काळभैरवाच्या दारात चौघंच. दुसऱ्या दिवशी अन्नपूर्णेच्या दारात पुन्हा चौघंच.

"सूनबाई कुठाय?"

"तिचा पाय मुरगळला व्हता. बाहेर चपला राखत बसायची."

"सगळे दिवस? एवढ्या लांब काशीला जाऊन एकाही देवळाची पायरी चढली नाही?"

आण्णासाहेबही वाकून फोटो बघायला लागले. पाय मुरगळलेली पोर घाटाच्या पायऱ्या रोज चढत-उतरत होती, हे त्यांना आत्ता आठवलं.

"काल तुमच्याकडं आले," ताई फोटोंवरची नजर न काढता म्हणाल्या, "तर तरणी सून बाहेर पोत्यावर आणि ऐंशीची म्हातारी चुलीपाशी. काशीला जाऊन किती दिवस झाले म्हणालात?"

"महिना..." आण्णासाहेब म्हणाले, आणि तिथंच थांबले. ज्या गोष्टीचं नाव त्यांच्या घरात कुठल्या पुरुषानं कधी घेतलं नव्हतं, ती गोष्ट वकीलबाईंच्या टेबलावर येऊन बसली होती. ताईंनी गाडीची किल्ली उचलली.

"चला बेंबळीला. आता आजीच काय ते सांगतील."

५

सोप्यात आजी भिंतीला टेकून बसली होती. ओट्यावर हर्षाली. मधलं दार उघडं. प्रमोदिनीताईंनी आजीच्या पुढ्यातच बैठक मारली.

"आजी, मी सांगते. चुकलं तर थांबवा. शिवरंजनीला यात काही मिळालं नाही, उलट गेलं. राजशेखर सरांनी जागा मागितली नव्हती. ही तिन्ही पुरुषमंडळी तेव्हा बाहेर होती. राहिल्या दोघी. हर्षाली तर आपल्या जागेवरून हललीच नाही. मग जी हलली, तिनंच ती जागा मागितली असणार. तुम्ही स्वतः."

आजीनं मान खाली घातली.

"पण देव मांडीवर घेऊन कुणी आपणहून संडासापाशी का जाईल?" ताई पुढं म्हणाल्या. "एकच कारण असू शकतं. देवाशेजारी जी बसणार होती, तिला त्या दिवशी देवाशेजारी बसता येत नव्हतं. आणि ते तिला कुणाला सांगताही येत नव्हतं."

बाहेर हर्षालीच्या हातातली गोधडी खाली पडली.

"माय?" आण्णासाहेब आईकडं वळले. "हे खरं हाय?"

म्हातारीनं तोंड वर केलं. महिनाभर चुकवलेली नजर तिनं आता लेकाला दिली.

"व्हय. विमानतळावर पोरीनं देवाची पिशवी माझ्या हातात दिली आन् चार हात लांब जाऊन उभी राह्यली. तोंड पांढरंफटक. मला काय सांगावं लागतंय? म्या बी बाईच हाय. आत गेलो तर तिची जागा माझ्या मांडीला मांडी लावून. रडायला लागली. म्हणली, आजी, मामा मला माघारी धाडतेल, त्यापरास मीच उतरून जाते. त्या परमुलखात एकली कुठं जाणार व्हती रे ती? ती विमानातली पोर मराठी बोलली. कुठली म्हणलं, तर उमरग्याची. मग तिच्या कानात सांगितलं. मला मागं ने म्हणलं. आन् मनगट धरून वचन घेतलं, कुणाला सांगू नगं बाळ, माझा ल्योक लई तापट हाय."

आजीनं पदरानं डोळे टिपले. "तिनं शब्द पाळला बघ. तू तिचे आईबाप काढलास, तरी पाळला."

"आन् म्हणून तू देवाला... संडासाजवळ...?"

"देव कुठं बी बसतोय, आण्णा. त्याला पुढं न् मागं एकच. पोर मागं गेली असती तर तू का म्हणून इचारलं असतंस. तुझ्या तोंडापुढं ही कुठं बसली असती?"

आण्णासाहेबांना लाज वाटली. अशी लाज, की धरणीनं पोटात घ्यावं. आपण समजत होतो, घर आपल्याला मान देतं. घर तर आपल्याला भीत होतं. इतकं भीत होतं, की ऐंशी वर्षांच्या आईला आपल्यापासून सून लपवावी लागली, आणि त्यासाठी एका परक्या पोरीपुढं हात पसरावा लागला.

"मला आधी का न्हाय सांगितलंस?"

"रोज म्हणायचे, उद्या सांगू. तर तुझे सत्कार सुरू झाले. फेटा बांधलेल्या माणसाला काय सांगावं? परक्याची लेक माझ्यापायी घरी बसली, आन् मी तोंड शिवून बसले. मलाच माझी लाज वाटायली."

मग प्रमोदिनीताई म्हणाल्या, "एक वाट आहे. सोमवारी एवढंच सांगायचं की आजींचं वय झालं, सारखं उठावं लागतं, म्हणून त्यांनी मागची जागा मागितली. पोरगी सुटेल. घरातलं घरात राहील."

"हां! तसंच सांगू!" आण्णासाहेब झटकन म्हणाले. म्हणाले आणि त्यांना स्वतःचीच किळस आली. केवढी घाई झाली होती सुटायची!

"सांगा की," आजी म्हणाली. "या वयात मला कशाची लाज?"

"न्हाय, मामा."

दारात हर्षाली उभी होती. उंबऱ्याच्या बाहेर, पण ताठ. लग्नाला पाच वर्षं झाली, या पोरीच्या तोंडून आण्णासाहेबांनी 'न्हाय' कधी ऐकलं नव्हतं.

"आजीच्या नावावर आणखी एक खोटं नको. त्यांनी माझ्यासाठी लई सोसलं. त्या विमानातल्या ताईंनी नोकरी पणाला लावली, आन् मी महिनाभर गोधडी शिवत बसले. सोमवारी मी सांगते. माझं मी सांगते."

तिनं परवानगी मागितली नव्हती. हे आण्णासाहेबांच्या लक्षात आलं, आणि मागितली असती तर आपण काय म्हणालो असतो, हेही लक्षात आलं.

सोमवारी ओट्यावरच प्रमोदिनीताईंचा लॅपटॉप मांडला. पलीकडं कंपनीचे दोन अधिकारी, एक बाई आणि एक पुरुष. हर्षालीनं सांगितलं. पाळी आली होती, म्हणाली. आडून नाही, घुमवून नाही. दाराआड उभ्या असलेल्या आण्णासाहेबांच्या कानावर त्या घरात तो शब्द पहिल्यांदाच पडला. घराचं आढं काही कोसळलं नाही. आतल्या आत कोसळले ते आण्णासाहेब. दाराच्या चौकटीला धरून खाली मान घालून ते उभे राहिले. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शिवरंजनीवरचा ठपका तिथल्या तिथं काढून टाकला.

संध्याकाळी आण्णासाहेबांनी शंभूला बोलावलं. "पुरा व्हिडिओ टाक. एक अक्षर कापू नको."

"आण्णा, त्यात तुम्ही लई..."

"म्हणूनच टाक."

दुसऱ्या दिवशी बसस्टँडवरचा बॅनर कुणीतरी काढून नेला. कुणी काढला, हे आण्णासाहेबांनी विचारलं नाही.

६

बुधवारी ते एकटेच उमरग्याला गेले. उत्कर्ष येतो म्हणाला, त्याला नको म्हणाले. शिवरंजनीच्या वडिलांचं, महांतप्पांचं, हायवेला ट्रक दुरुस्तीचं गॅरेज. मागंच घर. महांतप्पांनी ऑइलचे हात पुसून नमस्कार केला, आत नेलं, पाणी दिलं. एक वाकडा शब्द काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं आण्णासाहेबांना वाटून गेलं.

शिवरंजनी बाहेर आली. साध्या ड्रेसमध्ये, केस मोकळे. गणवेशाशिवाय ती किती लहान दिसत होती! हर्षालीच्याच वयाची असेल. वाटभर घोळवलेलं बोलणं आण्णासाहेब साफ विसरले.

"पोरी, चुकलो मी," एवढंच निघालं.

"आण्णा, मला बोललाव ते विसरले असते," ती शांतपणे म्हणाली. "प्रवासी बोलत्यात, सवय असती आम्हाला. पण ह्यांचं काढलाव ते लागलं." तिनं वडिलांकडं बघितलं. महांतप्पा चहा ओतायला वळले.

"माफ करशील का?"

"करीन. आज न्हाय होणार. खोटं कशाला बोलू?"

आण्णासाहेबांनी मान हलवली. बरोबरच होतं तिचं. चहा झाला, ते निघायला उठले, तेव्हा तिनंच विचारलं,

"हर्षालीताई कशा हायत आता? त्या दिवशी त्यांच्या पोटात लई कळा व्हत्या. अख्ख्या प्रवासात वाकून बसल्या व्हत्या. मी गरम पाण्याची बाटली दिली. दर वेळी असंच होतंय म्हणल्या, तर डॉक्टरला दाखवा म्हणलं मी. दाखवलं का?"

दर वेळी. पाच वर्षं. बाहेर ओट्यावर, पोत्यावर. आण्णासाहेब तिच्याकडं बघत राहिले. सून कशी आहे, हे एका परक्या पोरीनं विचारलं, आणि त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"आत्ता विचारून सांगतो," म्हणत त्यांनी गडबडीनं फोन काढला. यादी वर सरकवली, खाली सरकवली. ट्रॅक्टरवाला होता, खतवाला होता, दोन आमदारांचे पीए होते. हर्षालीचा नंबर नव्हता. पाच वर्षांत तो कधी लागलाच नव्हता.

शिवरंजनीला काय समजायचं ते समजलं. तिनं आपला फोन काढला. "माझ्याकडं हाय. परवा हर्षालीताईंनीच फोन केला व्हता. घ्या."

ती एकेक आकडा सांगत गेली, आणि आण्णासाहेब मान खाली घालून तो फोनमध्ये टाकत गेले.